अंतर्गत पॅकेज मॅनेजरला टॅब कम्प्लिशन द्यायचे आहे: शेलची स्क्रिप्ट लिहावी की प्रोग्रॅमनेच उत्तर द्यावे?

शॉपफ्लोअर_गोशि

नमस्कार. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी संगणक विभाग सांभाळते. यंत्रशाळेतील सीएनसी मशिनांजवळ लिनक्सचे संगणक ठेवलेले आहेत. त्या प्रत्येकावर मशिनचे प्रोग्रॅम, मोजमापाची साधने आणि लेबल छापण्याच्या स्क्रिप्ट यांची ठरलेलीच आवृत्ती असावी, म्हणून आम्ही पायथॉनमध्ये एक लहान पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा आणि काढणारा प्रोग्रॅम, लिहिला आहे. कमांडचे नाव 'किट' असून इन्स्टॉल, रिमूव्ह, अपडेट, लिस्ट आणि शो एवढीच कामे तो करतो.

अडचण नावांची आहे. पॅकेजच्या नावात ग्राहकाचा पार्ट नंबर, मशिनचे मॉडेल आणि ऑपरेशनचा क्रमांक हे सारे जोडचिन्हांनी एकामागे एक येते. रात्रपाळीचे सुपरवायझर मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावरून एकेक अक्षर बघून नाव टाइप करतात. टॅब दाबल्यावर नाव पूर्ण व्हावे, एवढीच त्यांची मागणी आहे आणि ती रास्त आहे.

आमच्या विभागात मात्र दोन मते पडली आहेत. एक मत असे की बॅश या शेलसाठी, म्हणजे टाइप केलेल्या कमांडा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, एक फंक्शन हाताने लिहावे आणि विषय संपवावा. दुसरे मत असे की 'किट'मध्येच एक छुपी उपकमांड ठेवावी, तिला आतापर्यंत टाइप झालेली ओळ द्यावी आणि पुढे काय येऊ शकते ते तिलाच विचारावे. बहुतेक संगणकांवर डेबियन हे लिनक्स आणि बॅश आहे. डिझाइन विभागात दोघे मॅक वापरतात आणि एक सहकारी फिशशिवाय दुसऱ्या शेलला हात लावत नाहीत. पॅकेजांची सूची असलेला सर्व्हर दुसऱ्या इमारतीत असून पावसाळ्यात मधली जोडणी अधूनमधून तुटते, हेही विचारात घ्यावे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रंकाळाकाठ

आपल्या प्रश्नात 'कुणी उत्तर द्यावे' हा भाग आहे, पण त्याच्याआधी 'काय उत्तर द्यावे' हे ठरवणे आवश्यक आहे, कारण ते ठरले की उरलेली निवड बरीच सोपी होते.

पॅकेज मॅनेजरमध्ये टॅबचे उत्तर प्रत्येक जागी वेगळे असते. 'किट' नंतर लगेच टॅब दाबला तर उपकमांडांची नावे यावीत. 'इन्स्टॉल' नंतर दाबला तर सूचीत उपलब्ध असलेली पॅकेजे यावीत आणि त्यातून याच ओळीत आधी लिहून झालेली नावे वगळावीत. 'रिमूव्ह' नंतर केवळ या संगणकावर बसवलेली पॅकेजे यावीत. उपलब्ध असलेली सगळी नावे तिथे दाखवणे म्हणजे वापरणाऱ्याला चुकीची माहिती देणे होय. फौंड्रीच्या स्टोअरमध्ये रॅकवर काय पडले आहे आणि पुरवठादाराकडे काय मिळते याची दोन रजिस्टरे वेगळी असतात, तसाच हा प्रकार आहे. शिवाय शब्दाची सुरुवात बिंदूने किंवा तिरप्या रेषेने झाली असेल, तर वापरणारा डिस्कवरील फाइल बसवू पाहत आहे असे समजून फाइलींची नावे द्यावीत. डेबियनच्या ॲप्ट या पॅकेज मॅनेजरचे कम्प्लिशन असेच वागते.

दुसरी गोष्ट म्हणजे टॅबच्या मागे नेटवर्क कधीही असू नये. आपण पावसाळ्याचा उल्लेख केला आहेच, पण जोडणी उत्तम असली तरीही नको. टॅब दाबणारा माणूस बोट उचलण्याआधी उत्तराची अपेक्षा करतो, आणि सर्व्हर गप्प असेल तर त्याचे टर्मिनल टाइमआउट होईपर्यंत गोठून राहते. मोठ्या पॅकेज मॅनेजरांनीही हाच मार्ग धरला आहे. ॲप्ट आपल्या स्थानिक कॅशमधून नावे काढतो. डेबियनच्या १२व्या आवृत्तीत साठ हजारांहून अधिक पॅकेजे असूनही तिथे टॅब जड वाटत नाही. डीएनएफ या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरच्या चौथ्या पिढीने तर केवळ कम्प्लिशनसाठी एक छोटा एसक्यूलाइट डेटाबेस बाजूला ठेवला होता आणि शेलचे फंक्शन त्यालाच थेट प्रश्न विचारत असे. पायथॉनच्या पिप या पॅकेज मॅनेजरचे उदाहरण उलट बाजूने बोलके आहे: 'अनइन्स्टॉल' आणि 'शो' यांच्यानंतर तो बसवलेली नावे पूर्ण करतो, पण 'इन्स्टॉल' नंतर दूरच्या सूचीतील नावे तो देत नाही, कारण ती सूची त्याच्याजवळ स्थानिक नसतेच.

म्हणून 'किट अपडेट' यशस्वी झाल्यावर नावांची एक साधी मजकूर-फाइल तयार करावी, प्रत्येक ओळीवर एक नाव. बसवलेल्या पॅकेजांसाठी दुसरी तशीच फाइल असावी. फाइल लिहिताना आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावर तिचे नाव बदलावे. एकाच फाइल-सिस्टिमवर नाव बदलणे अखंडपणे होते, त्यामुळे कुणी नेमका त्याच क्षणी टॅब दाबला तरी त्याला अर्धवट यादी मिळत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. कोणत्या उपकमांडला कोणता पर्याय (कमांडसोबत द्यायची जोडसूचना) चालतो हे ज्ञान प्रोग्रॅममध्ये आधीच आहे. तेच ज्ञान बॅशमध्ये, मग झेडशेलमध्ये, मग फिशमध्ये पुन्हा लिहिले, की चार ठिकाणी चार प्रकारचे सत्य तयार होते आणि नवा पर्याय जोडणारा माणूस त्यातील तीन विसरतो. गो भाषेतील कोब्रा ही लायब्ररी हेच करते: प्रोग्रॅममध्ये एक छुपी उपकमांड असते आणि प्रत्येक शेलसाठीची स्क्रिप्ट केवळ निरोप्याचे काम करते. डीएनएफची पाचवी पिढीही आता याच वाटेने गेली आहे.

उद्यमनगरकर

रंकाळाकाठ यांचे पहिले दोन मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत, तिसरा मात्र नाही.

कोब्राचे उदाहरण गो भाषेचे आहे. गोमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम क्षणात सुरू होतो. येथे प्रोग्रॅम पायथॉनचा आहे आणि प्रत्येक टॅबला इंटरप्रिटर (पायथॉनचा कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) नव्याने उठणार, त्यानंतर तो प्रोग्रॅमच्या डोक्यावर आयात केलेली सगळी मॉड्युले वाचणार, मग कुठे उत्तर देणार. यंत्रशाळेतील संगणक बहुधा कार्यालयातून निवृत्त झालेले असतात, हे आपण सगळेच जाणतो. चांगल्या लॅपटॉपवर जी गोष्ट खपून जाते, ती तिथे डोळ्यांना जाणवते. पाच उपकमांडांच्या साधनासाठी बॅशचे फंक्शन एका पानात मावते, ते वाचता येते, आणि त्याला नावांच्या फाइलशिवाय काहीही लागत नाही.

या फंक्शनची रचनाही अवघड नाही. बॅश आपल्याला ओळीतील शब्दांची यादी 'कॉम्प-वर्ड्‌स' या ॲरेत देतो आणि कर्सर कितव्या शब्दावर आहे हे 'कॉम्प-सीवर्ड'मध्ये सांगतो. उत्तर आपण 'कॉम्प-रिप्लाय' या ॲरेत भरायचे असते. उपकमांड शोधताना दुसरा शब्द आंधळेपणाने उचलू नये. आधी जागतिक पर्याय आलेले असू शकतात आणि त्यातील एखाद्याला स्वतःची किंमतही असू शकते, म्हणून कर्सरच्या आधीचे शब्द एकेक तपासत जाऊन जो पहिला शब्द पर्याय नाही आणि पर्यायाची किंमतही नाही, तोच उपकमांड मानावा. ही व्यवस्था बॅशच्या २.०४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००० सालापासून आहे. ती बदलण्याची भीती नाही.

एका धोक्याकडे मात्र सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण इंटरनेटवरील बहुतेक धडे तो सांगतच नाहीत. 'कॉम्पजेन' या अंगभूत कमांडला मोठ्या डब्ल्यूचा पर्याय देऊन शब्दांची यादी दिली, की बॅश त्या यादीतील प्रत्येक शब्दाचा शेलच्या नियमांनुसार विस्तार करतो. डॉलर आणि कंस यांच्यात लिहिलेली कमांडही त्यात चालवली जाते. म्हणजे सूचीत कुणी तसे नाव घुसवले तर इन्स्टॉल न करताच, केवळ टॅब दाबल्याने, ती कमांड वापरणाऱ्याच्या संगणकावर चालेल. बाहेरून आलेली नावे त्या पर्यायाला कधीही देऊ नयेत. फाइल ओळीओळीने वाचून, अवतरणात ठेवलेल्या उपसर्गाशी (आतापर्यंत टाइप झालेल्या अक्षरांशी) तुलना करून, जुळणारी नावे थेट ॲरेत घालावीत. तसेच सूची तयार करतानाच नावांचा नियम कडक ठेवावा. डेबियनच्या धोरणात पॅकेजच्या नावाला लहान इंग्रजी अक्षरे, अंक, अधिक, वजा आणि बिंदू एवढीच चिन्हे चालतात आणि पहिले चिन्ह अक्षर किंवा अंकच असावे लागते. आपणही तोच नियम उचलावा.

शॉपफ्लोअर_गोशि

दोघांचेही मनापासून आभार. मापन करून पाहिले. पायथॉनला आयातीचा वेळ दाखवण्याचा पर्याय देऊन जुन्या संगणकावर 'किट' चालवला, तेव्हा सर्वाधिक वेळ नेटवर्कची लायब्ररी आणि सही तपासण्याची लायब्ररी यांच्या आयातीत जात असल्याचे दिसले. कम्प्लिशनला या दोन्हींची गरज नाही. ती आयात त्या-त्या उपकमांडच्या आत हलवल्यावर पुष्कळ फरक पडला, तरी टॅब दाबल्यावर एक हलकी अडखळ उरतेच. त्यामुळे नावांसाठी फाइल थेट शेलमधून वाचायची आणि पर्यायांसाठी तेवढे प्रोग्रॅमला विचारायचे, असा मधला मार्ग आम्ही घेत आहोत.

आणखी एक प्रश्न. आमच्याकडे ठरावीक आवृत्ती बसवण्यासाठी नावानंतर ॲट-चिन्ह आणि मग आवृत्ती असे लिहितात. ॲट-चिन्हानंतर टॅब दाबला की बॅश विचित्र वागतो. उत्तरात नाव आणि आवृत्ती दोन्ही दिल्यास ओळीत नाव दोनदा उमटते, आणि नुसती आवृत्ती दिल्यास मागील कोणत्या नावाची आवृत्ती हवी हेच फंक्शनला कळत नाही.

रंकाळाकाठ

हा बॅशचा जुना स्वभाव आहे. कम्प्लिशनसाठी शब्द कुठे तुटतात हे 'कॉम्प-वर्डब्रेक्स' या चलात ठरलेले असते आणि त्यात मोकळ्या जागेबरोबर ॲट-चिन्ह, बरोबरचे चिन्ह आणि अपूर्णविरामही मूळचेच असतात. म्हणून आपण ज्याला एक शब्द समजता, तो बॅशच्या दृष्टीने तीन तुकड्यांचा असतो.

ते चलच बदलण्याचा सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळेल. तो मानू नये. ते चल संपूर्ण शेलचे आहे, आणि आपल्या एका साधनासाठी ते बदलले की इतर कार्यक्रमांची कम्प्लिशने बिघडतात व दोष कुणाचा हे शोधणे दुरापास्त होते. योग्य मार्ग असा की बॅशसाठी तयार कम्प्लिशने पुरवणाऱ्या बॅश-कम्प्लिशन या प्रकल्पातील साहाय्यक फंक्शनला 'ॲट-चिन्हावर तोडू नकोस' असे सांगून पूर्ण शब्द मिळवावा, त्याच्या आधारे नाव व आवृत्ती जुळवावी, आणि उत्तर भरताना प्रत्येक जुळलेल्या नावातून शेवटच्या ॲट-चिन्हापर्यंतचा भाग कापून टाकावा, कारण बॅश ओळीत फक्त शेवटचा तुकडा बदलतो. अपूर्णविरामासाठी हे कापण्याचे तयार फंक्शन त्या प्रकल्पात आहे. ॲट-चिन्हासाठी एका ओळीत स्वतः लिहावे. प्रकल्पाच्या २.१२ या आवृत्तीपासून साहाय्यक फंक्शनांची नावे बदललेली आहेत, तेव्हा यंत्रशाळेतील सर्वांत जुन्या डेबियनवर कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहून घ्यावे.

नाव पूर्ण झाल्यावर बॅश मोकळी जागा घालतो, तीही आपल्याला ॲट-चिन्हाआधी अडचणीची ठरेल. माझ्या मते मोकळी जागा राहू द्यावी. आवृत्ती नेमून देणारे थोडे असतात. त्यांना एक बॅकस्पेस जड नाही.

ताराबाईपार्क

डिझाइन विभागातील मॅकविषयी सांगतो. ॲपलने बॅशची ३.२ ही आवृत्ती धरून ठेवली आहे आणि २०१९च्या कॅटालिनापासून तिथे झेडशेल हाच मूळ शेल आहे. त्यामुळे बॅश ४ मध्ये आलेल्या 'कॉम्पऑप्ट' किंवा 'मॅपफाइल' या कमांडा वापरलेले फंक्शन तिथे चालणार नाही. त्या दोघांसाठी जुने बॅश सांभाळण्यापेक्षा झेडशेलची स्वतंत्र फाइल द्यावी. अधोरेखेने सुरू होणारे नाव, पहिल्या ओळीत 'कॉम्पडेफ' आणि कमांडचे नाव, एवढ्यावर झेडशेल तिला ओळखतो. फाइल योग्य ठिकाणी असूनही दखल घेतली जात नसेल, तर होम फोल्डरमधील झेडकॉम्पडम्प ही जुनी नोंद काढून टाकावी.

फिशसाठीचे काम सर्वांत कमी आहे. तिथे 'अमुक उपकमांड येऊन गेली असेल तर ही यादी दाखव' अशा स्वरूपाच्या मोजक्या ओळी पुरतात, आणि प्रत्येक नावापुढे वर्णनही दाखवता येते. आपल्या पार्ट नंबरांच्या जंगलात वर्णनाचा उपयोग नावाहून जास्त होईल असे वाटते.

बॅशची कम्प्लिशन-फाइल वापरणाऱ्याच्या बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) ओळ घालून लोड करू नये, हेही सांगून ठेवतो. काही साधने तसे करायला सांगतात आणि मग प्रत्येक नवे टर्मिनल उघडताना तो प्रोग्रॅम एकदा चालतो. बॅश-कम्प्लिशनच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये कमांडच्याच नावाची फाइल ठेवली, की पहिला टॅब दाबेपर्यंत ती वाचलीच जात नाही.

सागरमाळ

मी अजून शिकत आहे, म्हणून विचारतो. सुपरवायझरांना पार्ट नंबरापेक्षा 'पंप हाउसिंग दुसरे ऑपरेशन' असे वर्णन लक्षात राहते. मग पॅकेजची नावेच मराठीत ठेवली, किंवा टॅब दाबल्यावर नावाच्या मध्यातील अक्षरेही जुळवली, तर काय हरकत आहे?

उद्यमनगरकर

प्रश्न चांगला आहे. मध्यातील अक्षरे जुळवणे बॅशमध्ये शक्य असले तरी त्याच्या स्वभावाविरुद्ध जाते. अनेक नावे जुळली की बॅश टाइप केलेल्या शब्दाच्या जागी सर्वांचा समान उपसर्ग ठेवतो. मध्यभागी जुळलेल्या नावांना समान उपसर्ग नसल्यास टाइप केलेला मजकूर तसाच राहतो किंवा आखूड होतो, आणि माणूस गोंधळतो. त्यासाठी 'किट सर्च' ही वेगळी उपकमांड करावी. फिश आणि नीट बसवलेला झेडशेल हे काम चांगले करतात, पण यंत्रशाळेत ते नाहीत.

मराठी नावांबद्दल मात्र सावधगिरीचा सल्ला देईन. टॅब बाइट जुळवतो, दिसणे जुळवत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ्य' घ्या. तो नुक्त्याच्या 'ऱ' या एका चिन्हाने सुरू करता येतो, साधा र व त्यापुढे सुटा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही करता येतो, आणि र, हलन्त व न दिसणारे शून्यरुंदीचे जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनेही लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एका कीबोर्डवर टाइप केलेले नाव दुसऱ्या कीबोर्डवरून टॅबला सापडणार नाही आणि का सापडले नाही हे कुणाला दिसणारही नाही. वर्णने मराठीत जरूर ठेवावीत, कारण ती फक्त वाचायची असतात.

एक विनंती शॉपफ्लोअर यांना. टॅब जिथे दोन नावे फुटतात तिथे थांबतो आणि घाईतला माणूस तिथेच एंटर दाबतो. 'किट'ने अपुऱ्या नावावरून 'याला हेच म्हणायचे असेल' असा अंदाज कधीही बांधू नये. अपुरे नाव आले तर नकार द्यावा आणि जुळणारी नावे वर्णनांसह दाखवावीत. चुकीच्या ऑपरेशनचा प्रोग्रॅम मशिनवर गेला तर टूल आणि जॉब दोन्ही जातात.

शॉपफ्लोअर_गोशि

ती सूचना आजच अमलात आणली. बॅशची आणि झेडशेलची फाइल तयार आहे. फिशची फाइल आमच्या सहकाऱ्यांनीच हौसेने लिहून दिली. फंक्शनची चाचणी टर्मिनल न उघडता करता येते हेही लक्षात आले: 'कॉम्प-वर्ड्‌स', 'कॉम्प-सीवर्ड' वगैरे चल हाताने भरायचे, फंक्शन बोलवायचे आणि उत्तराचा ॲरे तपासायचा. ॲट-चिन्हाचे सगळे प्रकार तसेच पक्के केले.

आता एकच कोडे उरले आहे. माझ्या संगणकावर सर्व काही ठीक चालते. यंत्रशाळेत मात्र उपकमांडा आणि पर्याय पूर्ण होतात, पण पॅकेजचे एकही नाव येत नाही. तिथे इन्स्टॉलसाठी सुडो (रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने दुसरी कमांड चालवणारी कमांड) लावावा लागतो, म्हणून सुडोमुळे कम्प्लिशन तुटत असावे असा आमचा कयास आहे. 'किट अपडेट' तिथे रोज पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून) रूटच्या नावाने चालतो आणि नावांची फाइल ताजी असल्याचे मी रूट होऊन पाहिले आहे.

रंकाळाकाठ

सुडो निर्दोष आहे. बॅश-कम्प्लिशन सुडोच्या पुढील कमांड ओळखून तिचेच कम्प्लिशन चालवते, आणि उपकमांडा पूर्ण होत आहेत याचा अर्थ आपले फंक्शन तिथपर्यंत पोहोचलेले आहे.

ओळीच्या सुरुवातीला सुडो लिहिलेले असले तरी टॅब दाबण्याच्या क्षणी रूटचा अधिकार कुणालाच मिळालेला नसतो. फंक्शन सुपरवायझरांच्या स्वतःच्या शेलमध्ये, त्यांच्याच अधिकाराने चालते. त्यामुळे नावांची फाइल सर्वांना वाचता आली पाहिजे. तात्पुरती फाइल आपण पायथॉनच्या टेम्पफाइल मॉड्युलमधून घेतली असणार. ते मॉड्युल सुरक्षिततेसाठी फाइलला ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल) अशी परवानगी देते आणि नाव बदलल्यावर तीच परवानगी कायम राहते. आपल्या संगणकावर अपडेट आपणच चालवता, म्हणून फाइल आपल्याला वाचता येते. तिथे तिचा मालक रूट आहे. फंक्शनमधील चुकांचे संदेश आपण नियमाप्रमाणे दडपलेले असल्याने पडद्यावर काहीच दिसले नाही.

नाव बदलण्याआधी परवानगी ०६४४ (सर्वांना वाचता येईल, लिहिता फक्त मालकाला) करावी आणि फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्यात सर्वांना प्रवेश आहे का तेही तपासावे. डेबियनमधील बसवलेल्या पॅकेजांची नोंद अशीच सर्वांना वाचण्यासाठी खुली असते.

शॉपफ्लोअर_गोशि

परवानगीच होती. दोन्ही फाइलींची बदलली. सुडो लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे नावे येत आहेत. बसवलेल्या पॅकेजांच्या फोल्डरलाही तोच अडथळा होता, तोही काढला.